औषध लावूनही मांजराच्या पिसवा परत का येतात? उत्तर मांजराच्या अंगावर नाही, घराच्या जमिनीत आहे

भंडारा जिल्ह्यात मांजर हा हौसेपेक्षा गरजेचा प्राणी आहे. धानाची पोती घरात आली की उंदीर येतात आणि उंदीर आले की मांजर लागतंच. दिवसा ते कोठ्यात, तणसाच्या ढिगात किंवा पोत्यांच्या मागे असतं. रात्री पोरांच्या पायाशी, वाकळीवर. या ये-जा करण्यात पिसवाही घरात येतात.

पुढची गोष्ट बहुतेक घरांत सारखीच असते. मांजर सारखं खाजवतंय हे लक्षात येतं, कुणीतरी बाजारातून पावडर आणतं, दोन दिवस बरे जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी पिसवा पुन्हा हजर. मग पुन्हा पावडर, जरा जास्त. तिसऱ्या वेळी कोठ्यातल्या फळीवरची बैलांच्या गोचिडांची बाटली खाली येते. ‘थोडंसं पाण्यात टाकून लावू, काय होतंय?’ होतं ते असं, की पिसवा घरात राहतात आणि मांजर जातं.

म्हणून इथे दोन प्रश्नांची उत्तरं एकत्र समजून घ्यायला हवीत. औषध लावल्यावरही पिसवा येतात कुठून? आणि बैलाला, कुत्र्याला चालणारं औषध मांजराला का चालत नाही?

दिसतात त्या पिसवा म्हणजे थोडाच भाग

मांजराच्या अंगावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा ‘मांजर-पिसू’ या जातीची असते. नाव मांजराचं असलं तरी कुत्र्यांवरही जास्त करून हीच सापडते. तिला पंख नसतात. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, त्यामुळे केसांतून सुळकन पळते आणि चिमटीत येत नाही. एकदा मांजराच्या अंगावर चढली, की ती सहसा खाली उतरत नाही. रक्त पिते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. एक मादी दिवसाला ४० पर्यंत अंडी घालू शकते. अशा दहा माद्या असल्या, तरी आठवड्याला दोन हजारांवर अंडी झाली.

खरी गंमत (गंमत कसली, डोकेदुखी) या अंड्यांमध्ये आहे. उवांच्या लिखा केसाला चिकटून बसतात, पिसवेची अंडी चिकटत नाहीत. ती गुळगुळीत असतात, मिठाच्या कणाएवढी. मांजर जिथे झोपेल, अंग झटकेल, उडी मारेल तिथे ती गळून पडतात. दोन ते दहा दिवसांत त्यातून पांढुरकी अळी निघते. तिला उजेड नको असतो. ती फटीत, पोत्याखाली, वाकळीच्या शिवणीत, पलंगाच्या पायाशी जाऊन बसते आणि वरून पडलेली पिसवांची विष्ठा खाते. ती विष्ठा म्हणजे वाळलेलं रक्तच. म्हणजे मांजराच्या अंगावरची आई अंडी टाकते आणि लेकरांचा डबाही वरून टाकते.

आठ-दहा दिवसांनी अळी स्वतःभोवती चिकट रेशमी कोष विणते. त्याला धूळ, माती, बारीक कचरा चिकटतो आणि तो जमिनीसारखाच दिसायला लागतो. आत पिसू तयार होते.

पशुवैद्यक एक ढोबळ हिशेब सांगतात. एखाद्या घरात असलेल्या एकूण पिसवांपैकी अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा ५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात. पावडर लावतो आपण त्या ५ टक्क्यांना.

कोषातली पिसू पाहुण्याची वाट बघते

पिसवांच्या ‘चिवटपणा’चं रहस्य या कोषात आहे. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. बाहेर खायला कुणी नसेल, तर ती काही आठवडे, कधी काही महिने तशीच थांबते. फवारलेलं औषध कोषाच्या आत नीट पोचत नाही. मग जमीन हादरली, कुणाचं वजन पडलं, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की क्षणार्धात बाहेर.

दिवाळीला किंवा लग्नाला महिनाभर घर बंद ठेवून परत आलेल्या लोकांना हा अनुभव असतो. कुलूप उघडलं, चार पावलं टाकली आणि पायांवर पिसवाच पिसवा. मांजर तर घरात नव्हतंच, मग या आल्या कुठून? त्या कुठूनही आल्या नाहीत, तिथेच वाट बघत होत्या.

आता चौथ्या दिवसाचा हिशेब बघू. समजा, १ ऑक्टोबरला मांजराला चांगलं औषध लावलं. अंगावरच्या पिसवा एक-दोन दिवसांत मेल्या. पण सप्टेंबरमध्ये तयार झालेले कोष जमिनीत आहेत, त्यातून ४ तारखेला नवीन पिसवा निघाल्या आणि मांजरावर चढल्या. ३० सप्टेंबरला पडलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या अजून वाढतायत, त्यांच्या पिसवा ऑक्टोबरच्या शेवटी येतील. आणि जे कोष रेंगाळले, ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुटतील. या काळात मांजरावर जिवंत पिसू दिसली, म्हणजे औषध फसलं असं नाही. औषधाचा अंमल चालू असेल, तर ती नवी पिसू एक-दोन दिवसांत, अंड्यांची रांग लागण्याआधी मरायला हवी. अडचण अशी, की नेमक्या याच टप्प्यावर माणसाचा धीर सुटतो आणि तो ‘जालीम’ औषध शोधायला निघतो.

विदर्भाच्या उन्हात पिसवा मरत नाहीत का?

मरतात, पण जिथे ऊन पोचतं तिथेच. पिसवेच्या अळीला दमट हवा लागते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ती सुकते आणि ३५ अंशांच्या वर तापमान टिकून राहिलं, तरी तग धरत नाही. मे महिन्यातलं भंडाऱ्याचं अंगण त्यामुळे तिच्यासाठी भट्टीच आहे.

घराच्या आत मात्र वेगळं चित्र असतं. माठाखालची ओली जागा, कवेलूच्या घरातला अंधारा कोपरा, रोज सारवलेल्या जमिनीच्या भेगा. आणि कूलर! बाहेर ४५ अंश असताना कूलर खोलीत गार, दमट हवा भरतो. आपल्याला सुखाची वाटणारी ती खोली अळीलाही सुखाची वाटते. मग पावसाळा येतो आणि तलावांच्या या जिल्ह्यात सगळीकडेच ओल होते. पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ऊब आणि दमटपणा दोन्ही असतात. पाठोपाठ धान कापणी, नवीन तणस, भरलेली पोती. मांजराला झोपायला मऊ जागा आणि पिसवांना घर, दोन्ही एकाच वेळी तयार.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

गोचीड आणि पिसवांवर मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. ही सगळी एकाच कुळातली. बैल, म्हैस, कुत्रा यांचं यकृत हे विष मोडून शरीराबाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ते मोडायची एक महत्त्वाची यंत्रणा फार कमजोर असते. त्यामुळे कुत्र्याला सहज चालणारी मात्रा मांजराच्या मज्जासंस्थेवर जाते. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामागेही यकृताची हीच उणीव आहे.

त्यात मांजराची सवय. अंगाला काहीही लावलं, की ते चाटून साफ करतं. बैलाच्या पाठीवर राहणारं औषध मांजराच्या पोटात जातं.

गोचिडांसाठी वापरलं जाणारं अमिट्राझही मांजराला चालत नाही. त्यामुळे डब्यावर ही नावं दिसली किंवा ‘फक्त कुत्र्यांसाठी’ असं लिहिलेलं असलं, तर विषय तिथेच संपवावा. पातळ करून, अर्धं करून, ‘नुसतं शेपटीला’ अशा कुठल्याही पद्धतीने नाही. घरात कुत्रा असेल आणि त्याला असं औषध लावलं असेल, तर अंग पूर्ण वाळेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

शेतकरी घरांत एक आणखी घोटाळा होतो. पशुवैद्यक चिठ्ठीवर फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड लिहून देतात. घरचा कुणीतरी नाव वाचतो आणि म्हणतो, अरे, हे तर आपल्याकडे आहे. खरंच असतं. धानावरच्या खोडकिड्यासाठी फिप्रोनिल आणि तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड कृषी केंद्रात मिळतं. पण फवारणीच्या डब्यातलं प्रमाण, त्यातली द्रावणं आणि मिसळलेले बाकी पदार्थ पिकासाठी ठरवलेले असतात, चामडी आणि जिभेसाठी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ज्या द्रवासाठी माणसाला हातमोजे आणि मास्क घालायला सांगतात, तो तीन-चार किलोच्या जनावराला चोळायचा नसतो.

घरगुती उपायांनाही ‘नैसर्गिक’ म्हणून सूट देता येत नाही. बिडीच्या गावांत तंबाखूचं पाणी सहज हाताशी असतं, पण निकोटिन मांजरासाठी जहाल विष आहे. घासलेटाने कातडी भाजते. डांबर गोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल ही सगळी मांजराला बाधतात. कडुनिंबाचं तेल चोळल्यावरही मांजरं आजारी पडल्याची उदाहरणं पशुवैद्यकांनी नोंदवलेली आहेत. ‘लसूण खाऊ घातला की पिसवा पळतात’ हा सल्ला तर उलटाच. लसूण-कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे पिसवांनी रक्त प्यायचं आणि उरलेलं आपण संपवायचं.

चुकीचं औषध लागलं तर आधी कान आणि कातडी फडफडते, लाळ गळते, चाल लडखडते, मग अंग थरथरतं आणि झटके येतात. काही तासांत येतात, कधी दुसऱ्या दिवशीही. अशा वेळी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने औषध धुऊन काढावं, कोरडं करून फडक्यात गुंडाळावं आणि लगेच दवाखाना गाठावा. तूप, दूध, मिठाचं पाणी काहीही पाजू नये. झटका चालू असताना तर तोंडात थेंबही नाही. बाटली मात्र सोबत न्यावी. त्यावरचं नाव वाचूनच डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

मग मांजराला लावायचं काय?

आधी पिसवाच आहेत ना, हे बघावं. मांजर दिवसभर अंग चाटून निम्म्या पिसवा स्वतःच गिळून टाकतं, त्यामुळे शोधूनही एक दिसत नाही असं होतं. उवांच्या बारीक फणीने कमरेजवळ, शेपटीच्या मुळाशी विंचरावं आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवावेत. मिनिटभरात त्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ते पिसवांच्या विष्ठेतलं रक्त. नाही पसरला, तर साधी माती.

मांजरांसाठी बनवलेली, मानेवर थेंब टाकायची औषधं हा आजचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. त्यात फिप्रोनिल, सेलामेक्टिन किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. काहींमध्ये एस-मेथोप्रीनही असतं, जे अंड्यांची आणि अळ्यांची वाढ थांबवतं. कोणतं आणि किती, हे वजन आणि वयावर ठरतं, म्हणून ते पशुवैद्यकांनाच विचारावं. लावताना होणारी चूक मात्र सगळीकडे एकच. थेंब केसांवर टाकले जातात. केस दोन्ही बाजूंना करून, मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, थेट कातडीवर टाकायचे असतात. लावण्याआधी आणि नंतर दोन-तीन दिवस अंघोळ घालू नये. आणि हे एकदा करून थांबायचं नाही. साधारण महिन्याच्या अंतराने, निदान तीन वेळा. घरातली सगळी मांजरं आणि कुत्रा यांचे उपचार एकाच दिवशी, प्रत्येकाचं औषध वेगळं.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांची गोष्ट निराळी आहे. यातली बरीच औषधं त्यांना देता येत नाहीत आणि पिसवांचा सगळ्यात जास्त धोका त्यांनाच असतो. सत्तरेक माद्या मिळून दिवसाला साधारण १ मिली रक्त पितात. मोठ्या मांजराला ते जाणवणार नाही. पण ३०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं १८-२० मिली, म्हणजे चार छोटे चमचे. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, ते सुस्त पडून राहत असेल, तर पिसवांची नाही, जिवाची घाई करावी. लहान पिल्लांना दिवसातून दोनदा फणीने विंचरणं आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवणं हा कंटाळवाणा उपायच सगळ्यात सुरक्षित. अंघोळ घातलीच तर कोमट पाण्याने, झटपट, आणि लगेच कोरडं करून उबेत.

उरलेल्या ९५ टक्क्यांचं काय?

यासाठी पैसे कमी आणि अंगमेहनत जास्त लागते. मांजराची झोपायची जागा ठरवून टाकावी, म्हणजे अंडी घरभर न पडता एका ठिकाणी पडतील. तिथे जुनं फडकं टाकावं आणि आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यात धुवावं. वाकळी, गोधड्या, पोती अंगणात कडक उन्हात पसरून उलटपालट कराव्यात. अळी उजेड टाळते, म्हणून एकच बाजू तापवून उपयोग नाही.

रोजचा झाडू पलंगाखाली, कपाटामागे, भिंतीच्या कडेने फिरायला हवा. निघालेला कचरा दाराबाहेर लोटला तर अळ्या पुन्हा आत येतात. तो जाळावा किंवा साबणाच्या पाण्यात टाकावा. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगा आधी मातीने बुजवून मग सारवावं. शहरातल्या फरशीच्या घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. त्याच्या कंपनामुळे कोषातल्या पिसवा बाहेर निघतात, आणि एकदा बाहेर आल्या की औषध लावलेल्या मांजरावर चढून मरतात. म्हणूनच औषधानंतर मांजराला घराबाहेर काढायचं नसतं. ते घरात फिरत राहणं हाच उपचाराचा भाग आहे.

घरात फवारणी करायचीच असेल, तर पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनसारखं, अळीची पिसू होऊ न देणारं औषध असलेली फवारणी निवडावी. फवारा वाळेपर्यंत मांजर आणि पोरं बाहेर. परमेथ्रिनवाल्या फवारणीचा धोका इथेही आहे.

पिसवा कमी होतायत की नाही, हे मोजायला एक सोपी युक्ती आहे. रात्री पसरट ताटलीत साबणाचं पाणी घेऊन जमिनीवर ठेवायचं आणि वर छोटा दिवा. उजेडाच्या, उबेच्या ओढीने पिसवा त्यात पडतात. याने घर साफ होत नाही, पण आठवड्यामागून आठवडा आकडा घटताना दिसला की धीर टिकतो.

माणसांना किती भ्यावं?

पिसू माणसाला चावते, घोट्यांभोवती लाल पुरळ उठतं, खाज सुटते. ती माणसाच्या अंगावर राहत मात्र नाही. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे कण दिसले, तर तो पिसवांमधून आलेला पट्टकृमी असतो. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली, तर त्यालाही होऊ शकतो. तेव्हा मांजराला जंताचं औषध पिसवांच्या उपचारासोबतच द्यावं, नाहीतर जंत परत येतात. पिसवा असलेल्या पिल्लाने ओरबाडल्यावर मुलाला ताप आला आणि काखेत गाठ सुजली, तर डॉक्टरांना मांजराबद्दल सांगावं.

आणि प्लेग? पिसू म्हटलं की महाराष्ट्रात ही आठवण निघतेच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा तो पसरतो कसा, हेच कळत नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, आजारी उंदरावरच्या पिसवा निरोगी उंदराला प्लेग देतात हे प्रयोगात दाखवलं. पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्याने काही पिसवा हॉटेलभोवती फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरूनच घेतल्या होत्या! १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले, तेव्हाही त्याआधी गावात पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार होती. पण या दोन्ही गोष्टींतला मुख्य गुन्हेगार उंदराची पिसू आहे, ती वेगळी जात. घरातल्या मांजराच्या पिसवांमुळे प्लेगच्या भीतीने मांजर सोडून देण्याचं कारण नाही. मांजर गेलं की धानाच्या पोत्यांत उंदीर वाढतात, आणि प्लेगच्या हिशेबात उंदीर वाढणं जास्त वाईट.

तीन महिने सगळं नीट करूनही पिसवा राहिल्याच, तर औषध बदलण्याआधी बाहेर बघावं. शेजारचा बोका रात्री तणसावर येऊन झोपत असेल. कोठ्यातलं कुत्रं राहून गेलं असेल. माळ्यावर कुणाची पिल्लं असतील. जिथे एक जनावर उपचाराविना राहतं, तिथून अंडी पडत राहतात. तेही सापडलं नाही, तर मांजराला घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं आणि आतापर्यंत काय काय लावलं, ते लपवून न ठेवता सांगावं, गोचिडाच्या बाटलीसकट.